टेबलाखालचा बॉम्ब : रहस्यपटांची ओढ कशाची?



या व्याख्यानमालेत आपण एरवी लढायांबद्दल बोलतो. नकाशे, रसद, हवामान, सेनापतींच्या चुका. आजचा विषय वेगळा आहे, आणि तो मी निवडलेला नाही. बंगळुरूच्या एका श्रोत्यांनी विचारलं, "कर्नलसाहेब, लढाईबद्दल बोलताना तुम्ही मध्येच हिचकॉकचे दाखले देता. ज्या माणसानं आयुष्यभर खऱ्या बंदुका हाताळल्या, त्याला पडद्यावरचा खोटा खून बघण्यात काय गोडी वाटते?"

सोपं उत्तर असं की निवृत्तीनंतर माणसाला वेळ असतो. पण प्रश्न मनात राहिला. खरं उत्तर द्यायचं तर सिनेमाचा जवळजवळ शंभर वर्षांचा इतिहास थोडा चाळावा लागेल, आणि माझ्या नोकरीतली एक सकाळ आणि एक दुपार सांगावी लागेल. तेवढी मुभा द्या.

सोन्याचं हरिण

आधी शब्दापासून सुरुवात करू. अशा सिनेमाला आपण रहस्यपट म्हणतो. रहस्य म्हणजे दडवलेली गोष्ट. उत्कंठा म्हणजे पुढचं कळण्याची ओढ. इंग्रजीत ज्याला सस्पेन्स म्हणतात तो या दोन्हींहून थोडा वेगळा. त्या शब्दाचं मूळ लॅटिनमध्ये आहे आणि अर्थ आहे टांगून ठेवणं. यासाठी मराठीत नवा शब्द शोधायची गरज नाही. मुलगा रात्री उशिरापर्यंत घरी आला नाही की आपली आजी म्हणायची, "जीव टांगणीला लागलाय." हेच ते. टांगणीला लागलेला जीव.

माझं बालपण इंदूरला गेलं. तिथल्या राममंदिरात कीर्तनं व्हायची. सीताहरणाच्या रात्री बुवा सोन्याच्या हरणाचं वर्णन करायचे, आणि सीता रामाला "ते मला आणून द्या" म्हणाली की नेमके तिथेच थांबायचे. पाणी प्यायचे, पेटीवाल्याला सूर धरायला लावायचे. देवळातल्या प्रत्येकाला माहीत होतं की ते हरिण म्हणजे मारीच. पाच वर्षांच्या पोरालाही माहीत होतं. तरीही बायकांमधून हलकेच आवाज यायचा, "नको गं बाई, नको पाठवूस."

या प्रसंगात रहस्य काहीच नाही. सगळं ठाऊक आहे, दरवर्षी तेच ऐकतो आहोत, तरी जीव टांगलेला. कारण आपल्याला माहीत आहे आणि सीतेला नाही, आणि आपला आवाज तिच्यापर्यंत पोचत नाही. आजच्या भाषणातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. पुढचं सगळं याचाच विस्तार आहे.

भाजीवाल्याचा मुलगा

आल्फ्रेड हिचकॉकचा जन्म १३ ऑगस्ट १८९९ चा, लंडनच्या पूर्व भागातल्या लेटनस्टोनचा. वडिलांचं भाजीपाल्याचं दुकान. तो स्वतः एक आठवण वारंवार सांगायचा. लहानपणी काहीतरी खोडी केली म्हणून वडिलांनी हातात चिठ्ठी देऊन त्याला पोलीस चौकीत पाठवलं. चिठ्ठी वाचून पोलिसानं त्याला काही मिनिटं कोठडीत बंद केलं आणि सांगितलं की खोडकर मुलांचं आम्ही असं करतो. या गोष्टीत तिखटमीठ किती ते सोडा, पण एक तपशील बघा. चिठ्ठी मुलाच्याच हातात होती आणि तीत काय लिहिलंय ते त्याला माहीत नव्हतं.

सिनेमात तो आला मूकपटांच्या पाट्या रंगवणारा म्हणून. १९२० च्या दशकात काम करायला जर्मनीला गेला, तिथे मुर्नाऊसारख्या दिग्दर्शकाचं चित्रीकरण जवळून पाहिलं. शब्दांशिवाय गोष्ट कशी सांगायची ते तिथे शिकला. १९२७ साली 'द लॉजर' आला. लंडनमध्ये बायकांचे खून पडताहेत आणि घरात नवा भाडेकरू राहायला आलाय. १९२९ च्या 'ब्लॅकमेल'मध्ये आवाज आला, आणि या गृहस्थानं आवाजाचाही फास केला. एका मुलीच्या हातून आदल्या रात्री सुरीनं खून झालेला आहे. सकाळी न्याहारीच्या वेळी शेजारीण त्याच खुनाबद्दल बडबडते आहे. हळूहळू तिचे बाकीचे शब्द अस्पष्ट होत जातात आणि 'सुरी' हा एकच शब्द कानावर आदळत राहतो. बडबडणारीला काही माहीत नाही. मुलीला माहीत आहे, आणि आपल्याला.

१९६२ साली फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफो यांनी हिचकॉकची प्रदीर्घ मुलाखत घेतली. दुभाषी मध्ये बसवून आठवडाभर बोलणं चाललं आणि पुढे त्याचं पुस्तक झालं. त्यात हिचकॉकनं टेबलाखालच्या बॉम्बचा दाखला दिला आहे. तो माझ्या शब्दांत सांगतो. काही माणसं टेबलाभोवती गप्पा मारताहेत. टेबलाखाली बॉम्ब आहे, पण तो ना त्यांना माहीत, ना प्रेक्षकांना. तो फुटला की प्रेक्षक पंधरा सेकंद हादरतो. आता तोच प्रसंग, तीच माणसं, त्याच गप्पा. फक्त प्रेक्षकाला आधी दाखवा की बॉम्ब ठेवलाय आणि तो एक वाजता फुटणार आहे. भिंतीवरच्या घड्याळात पाऊण वाजलाय. आता त्याच फुटकळ गप्पा पंधरा मिनिटं ऐकवत नाहीत. खुर्चीतून ओरडावंसं वाटतं, "अरे, क्रिकेट काय बोलताय, खाली बघा!"

कीर्तनकारबुवांनी हिचकॉक वाचला नव्हता. पण युक्ती तीच.

या माणसाची पुढची कामगिरी या नजरेनं पाहा. 'द मॅन हू न्यू टू मच', म्हणजे ज्याला नको तेवढं कळलंय असा माणूस. ही गोष्ट त्यानं दोनदा केली, १९३४ ला इंग्लंडमध्ये आणि १९५६ ला अमेरिकेत. दुसऱ्या चित्रपटात लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्ये संगीताचा कार्यक्रम चाललाय. झांजांचा एक मोठा ठोका पडला की त्या आवाजात मारेकरी गोळी झाडणार आहे. संगीताचा तो तुकडा आपल्याला आधीच ऐकवून ठेवलाय, त्यामुळे ठोका कधी येणार ते आपणही ओळखतो. हॉलमध्ये उभ्या असलेल्या आईला कट माहीत आहे, पण तिचा मुलगा त्या लोकांच्या ताब्यात आहे. बोलली तर मुलगा जाईल, न बोलली तर एक माणूस मरेल. कितीतरी मिनिटं पडद्यावर एक संवाद नाही. वाद्यवृंद वाजतोय आणि आईचा चेहरा.

१९५४ च्या 'रिअर विंडो'मध्ये छायाचित्रकाराचा पाय प्लास्टरमध्ये आहे. समोरच्या इमारतीतल्या माणसानं बायकोला मारलं असावं असा त्याला संशय. पुरावा शोधायला त्याची मैत्रीण त्या घरात शिरते, आणि तेवढ्यात तो माणूस परत येतो. खिडकीतून सगळं दिसतंय आणि खुर्चीतून उठता येत नाही. तो छायाचित्रकार म्हणजे थिएटरात बसलेले आपणच. १९५८ च्या 'व्हर्टिगो'त तर हिचकॉकनं चित्रपट बराच शिल्लक असताना रहस्य फोडून टाकलं. मूळ फ्रेंच कादंबरीत ते शेवटपर्यंत राखलेलं होतं. त्याचा हिशेब सरळ होता. शेवटी एकदा चकित करण्यापेक्षा आता सांगून टाकू, म्हणजे नायकाला कळेल तेव्हा काय होईल या काळजीत प्रेक्षक उरलेला वेळ काढतील. तेव्हा त्या चित्रपटाचं फारसं कौतुक झालं नाही. २०१२ साली ब्रिटनच्या 'साइट अँड साउंड' मासिकानं जगभरच्या समीक्षकांचा कौल घेतला, त्यात तो पहिला आला.

एक सकाळ

आता माझी सकाळ. १९९० च्या दशकात मी काश्मीर खोऱ्यात कंपनी कमांडर होतो. रोज पहाटे आमची रोड ओपनिंग पार्टी निघायची. काफिला जाण्याआधी रस्ता पायी तपासायचा, मोऱ्या, दगडांचे ढीग, नुकती उकरलेली माती, सगळं बघायचं. सोबत कुत्रा. काम कंटाळवाणं, आणि कंटाळा हाच त्यातला मोठा शत्रू.

त्या दिवशी पार्टी निघून तासभर झाला असेल. डोंगराच्या एका सोंडेपलीकडे उतार होता, तिथे वायरलेस चालायचा नाही. पार्टी सोंड ओलांडून गेली आणि पाचच मिनिटांत शेजारच्या चौकीवरून निरोप आला. त्या उतारावरच्या दुसऱ्या मोरीखाली रात्री स्फोटकं पेरल्याची खबर आहे, आणि खबर पक्की आहे.

ऑपरेटर हाका मारत राहिला. उत्तर नाही. मी दोन जवानांना सोंडेवरून पळत पाठवलं. तो रस्ता पंचवीस मिनिटांचा. पार्टीला दुसऱ्या मोरीपर्यंत पोचायला किती वेळ लागणार, हे मी रोज नकाशावर मोजत होतो. तेही साधारण तेवढंच.

भिंतीवर सरकारी घड्याळ होतं. ऑपरेटरनं मला चहा दिला. बिस्किटाचा पुडा फोडला होता. तो पुडा मला आजही दिसतो, त्यावरची घडीसुद्धा. मी अधिकारी, हाताखाली शंभरावर माणसं, आणि त्या पंचवीस मिनिटांत मला करता येण्यासारखं काहीही नव्हतं.

पार्टी वाचली. त्याचं श्रेय ना मला, ना निरोपाला. पहिल्या मोरीनंतर बकरवालांचा मोठा कळप रस्त्यावर आला. दोनशे मेंढ्या, चार घोडी, दोन म्हातारे, आणि सगळे निवांत. पार्टी थांबली. कळप सरायला वेळ लागला, आणि तेवढ्यात माझे जवान धापा टाकत पोचले. मोरीखाली स्फोटकं होती. सॅपर्स आले आणि ती जागच्या जागी उडवली.

दुपारी पार्टी परत आली. हवालदार मला बघून म्हणाला, "साहेब, तब्येत बरी नाही का? चेहरा उतरलाय." मी विचारलं, "तुम्ही लोक त्या वेळी काय करत होता?" तर म्हणाला, एका पोराच्या बहिणीचं लग्न ठरलंय, त्याच्या जेवणावळीचा हिशेब चालला होता. मेंढ्यांवरून थोडी शिवीगाळ झाली. बाकी काही नाही.

पुढे कितीतरी वर्षांनी मी ती टेबलाखालच्या बॉम्बची गोष्ट वाचली आणि पुस्तक मिटून ठेवलं. ती माणसं टेबलापाशी जेवणावळीचा हिशेब करत होती. घड्याळ माझ्या भिंतीवर होतं.

आपल्याकडची वाट

मूड जरा हलका करू, कारण या गोष्टीचा भारतीय इतिहास गमतीचा आहे.

आपल्याकडे रहस्य आलं ते गाण्याचा हात धरून. १९४९ साली बॉम्बे टॉकीजचा 'महल' आला. कमाल अमरोहींचं दिग्दर्शन, अशोककुमार आणि मधुबाला. ओसाड हवेलीत दुरून एक आवाज येतो आणि नायक त्यामागे जातो. आवाज लताबाईंचा, पण रेकॉर्डवर गायिकेचं नाव होतं कामिनी, म्हणजे चित्रपटातल्या पात्राचंच. लोकांनी चौकशा केल्या, ही कोण गाते? पडद्यावरचं कोडं घराघरात पोचलं. तिथून पुढची पंधरा-वीस वर्षं हिंदी रहस्यपटात भूत म्हणजे एक सूर असायचा. 'बीस साल बाद' १९६२ चा, 'वह कौन थी' १९६४ चा.

१९६४ सालीच मराठीत राजा परांजपे यांचा 'पाठलाग' आला. भावना आणि काशिनाथ घाणेकर. बायको डोळ्यांदेखत गेली, आणि मग तिच्यासारखीच दिसणारी, "मीच ती" म्हणणारी बाई कायद्याच्या तावडीत सापडते. राज खोसलांनी त्याच कथेवर १९६६ साली साधनाला घेऊन 'मेरा साया' केला. हिंदीतल्या एका गाजलेल्या रहस्यपटाचं मूळ मराठी आहे, हे दिल्ली-लखनौच्या मित्रांना सांगताना मी अजूनही छाती फुगवतो. १९६५ चा 'गुमनाम' राजा नवाथे यांचा. अगाथा ख्रिस्तीच्या १९३९ च्या कादंबरीचा सांगाडा, वर मेहमूद आणि हेलन.

या 'गुमनाम'ची एक आठवण आहे. एका उंच चौकीवर आम्ही व्हीसीआरवर तो लावला होता. शेवटची दहा मिनिटं उरली आणि जनरेटरचं डिझेल संपलं. रात्रीचा कोटा तेवढाच. पन्नास माणसं अंधारात, आणि खुनी कोण ते माहीत नाही. लंगरच्या कुकनं तो पाहिलेला होता. त्यानं जाहीर केलं की एक पेग रम द्याल त्याच्या कानात नाव सांगीन. त्या रात्री त्याला सात पेग मिळाले आणि त्यानं सात जणांना सात वेगवेगळी नावं सांगितली. सकाळी भांडण माझ्यापुढे आलं.

दुसरी वाट गाणी वगळून गेली. बी. आर. चोप्रांचा 'कानून' १९६० चा. त्यात एकही गाणं नाही. तरुण वकिलाच्या डोळ्यांसमोर खून झालाय, आणि खुनी म्हणून त्याला दिसलेला चेहरा आहे त्याच्या होणाऱ्या सासऱ्यांचा, जे स्वतः न्यायाधीश आहेत. आरोपीच्या पिंजऱ्यात उभा आहे एक भुरटा चोर. ते काम आपल्या नाना पळशीकरांनी केलंय. वकिलाला माहीत आहे की चोर निर्दोष आहे, आणि तोंड उघडवत नाही. पुन्हा तीच टांगणी. १९६९ साली यश चोप्रांचा 'इत्तेफ़ाक' आला. एक रात्र, बहुतेक सगळं एकाच घरात, आणि गाणं एकही नाही. 'कानून', 'गुमनाम', 'इत्तेफ़ाक' या तिन्हींत नंदा आहे, मास्टर विनायकांची मुलगी. सोज्वळ बहिणीच्या भूमिका करणारी म्हणून आपण तिला लक्षात ठेवलं. पण हिंदी रहस्यपटाच्या तीन वळणांवर ती उभी आहे, याची नोंद कुणी फारशी घेत नाही.

आता अलीकडे येऊ. २०१३ साली जीतू जोसेफ यांचा मल्याळम 'दृश्यम' आला. मग कन्नड, तेलुगू, तमिळ, हिंदी, पुढे सिंहली आणि चिनीसुद्धा. हिंदीतला २०१५ चा निशिकांत कामत यांचा, 'डोंबिवली फास्ट' करणारे तेच कामत. त्यांनी कथा गोव्यात नेली आणि नायक झाला विजय साळगावकर, केबलचा धंदा करणारा, शाळा चौथीत सोडलेला.

या चित्रपटाची बांधणी मला लष्करी योजनेसारखी वाटते. खून कुणाच्या हातून झाला ते लेखक आपल्याला सुरुवातीलाच दाखवतो. म्हणजे टेबलाखालचा बॉम्ब दिसला. आता पोलीस घरात शिरले की छातीत धडधड आपल्याला होते. पण त्याच वेळी एक गोष्ट आपल्यापासूनही लपवून ठेवतो, आणि ती शेवटच्या मिनिटाला सांगतो. अर्धी माहिती दाखवायची, अर्धी दडवायची. शत्रूला आपली एक तुकडी दिसू द्यायची आणि दुसरी झाडीत ठेवायची, तसंच. आणि विजय हे सगळं शिकला कुठे? सिनेमे बघून. आयुष्यभर प्रेक्षक असलेला माणूस एक दिवस खुर्चीतून उठतो आणि पडद्यात शिरतो. आपल्यापैकी प्रत्येकाला कधी ना कधी हेच करावंसं वाटलेलं असतं.

२०१८ चा श्रीराम राघवन यांचा 'अंधाधुन' पुण्यात घडतो. आंधळेपणाचं सोंग करणारा पियानोवादक एका घरात वाजवायला जातो आणि समोर प्रेत बघतो. दिसतंय हे दाखवायचं नाही, बोटं थांबू द्यायची नाहीत. अल्बर्ट हॉलमधल्या आईचा हा पुण्यातला भाचा म्हणायला हरकत नाही.

जुने आणि नवे यांत फरक मला एकच दिसतो. आज अनेक लेखक धक्क्याच्या मागे लागलेत. दर वीस मिनिटांनी एक ट्विस्ट. त्यामुळे कुणी शेवट सांगून टाकला की चित्रपट मेला, अशी सगळ्यांना भीती. मी एक साधी चाचणी लावतो. शेवट कळल्यावर बघवत नसेल, तर त्यात पंधरा सेकंदांचा माल होता. शेवट माहीत असूनही हाताची मूठ वळत असेल, तर पंधरा मिनिटांचा. १९६० च्या 'सायको'च्या वेळी हिचकॉकनं उशिरा येणाऱ्यांना थिएटरात सोडू नका असा नियमच केला होता, शेवट सांगू नका अशी विनंतीही केली होती. म्हणजे धक्का त्यालाही हवाच होता. पण 'सायको' लोक आजही बघतात, आणि आज त्याचा शेवट माहीत नसलेला माणूस शोधावा लागेल.

दुसरा फरक आपल्या हातात आलाय. मोबाइलवर बघताना जीव टांगणीला लागला की आपण तो थांबवतो आणि चहा करून येतो. थिएटरात ही सोय नव्हती. माझ्या त्या खोलीतही नव्हती.

एक दुपार

आता जो भाग सांगायचा मी टाळत होतो तो सांगतो.

हिचकॉकचा १९३६ चा 'सबोटाज' नावाचा चित्रपट आहे. जोसेफ कॉनरॅडच्या 'द सीक्रेट एजंट' या कादंबरीवरून घेतलेला. लंडनमधला एक सिनेमा थिएटर चालवणारा माणूस घातपात्यांना सामील आहे. तो आपल्या बायकोच्या लहान भावाच्या हाती फिल्मचे डबे आणि एक पुडकं देतो आणि पोचवायला सांगतो. पुडक्यात बॉम्ब आहे, पावणेदोनला फुटणारा. पोराला माहीत नाही. आपल्याला माहीत आहे. पोरगा वाटेत रेंगाळतो. दंतमंजन विकणारा त्याला धरून दात घासून दाखवतो. मग मिरवणूक आडवी येते, गर्दीत रस्ता बंद. शेवटी तो बसमध्ये चढतो. शेजारच्या बाईपाशी कुत्र्याचं पिल्लू आहे, त्याच्याशी खेळत बसतो. घड्याळ पुढे सरकतंय. आणि बॉम्ब फुटतो.

हिचकॉकनं नंतर त्रुफोंजवळ कबूल केलं की ही चूक झाली. ज्या पोरावर प्रेक्षकांचा जीव जडला होता त्याला मारायला नको होतं. प्रेक्षकाला टांगलं तर त्याला सुखरूप खाली उतरवणं हे दिग्दर्शकाचं देणं आहे, असा त्यातला मथितार्थ.

त्या मेंढ्यांच्या सकाळीनंतर चार महिन्यांनी, दुसऱ्याच एका रस्त्यावर, दुपारी तीनच्या सुमाराला स्फोट झाला. या वेळी कुठलीही खबर नव्हती. निरोप नाही, घड्याळ नाही, चहा नाही. मी चौकीबाहेर उभा राहून नकाशा घडी करत होतो. आवाज आला, मग धूर दिसला. आमचा एक शिपाई गेला. बावीस वर्षांचा होता. पंधरा सेकंद.

त्याच्या घरी पत्र मी लिहिलं. लिहिताना लक्षात आलं की माझ्यासाठी ते पंधरा सेकंद होते, पण त्याच्या आईचं घड्याळ तो भरती झाला त्या दिवसापासून चालू होतं. तिला ठाऊक होतं की टेबलाखाली काय असू शकतं. किती वाजता, हे ठाऊक नव्हतं. आणि मध्ये करता येण्यासारखं काही नव्हतं, पोस्टमनची वाट बघण्याखेरीज. फौजेतल्या माणसाच्या घरचे लोक वर्षानुवर्षं असे टांगणीला असतात, आणि आम्ही तिकडे जेवणावळीचा हिशेब करत असतो.

म्हणून बंगळुरूच्या श्रोत्यांना माझं उत्तर असं आहे. खरा धोका मला पुरेसा माहीत आहे, त्याची गोडी मला नाही. रहस्यपटात मला गोडी वाटते ती त्या देण्याघेण्याची. दिग्दर्शक म्हणतो, दोन तास तुझा जीव माझ्याकडे दे, मी तो टांगतो आणि परत देतो. तिकिटाच्या पैशात एवढं वचन मिळतं. आयुष्य असं वचन देत नाही. मेंढ्या कधी आडव्या येतात, कधी येत नाहीत. जिथे जीव परत मिळण्याची खात्री आहे अशा ठिकाणी भीतीची तालीम करून यावी, एवढीच माणसाची इच्छा असते. आमच्या चौकीवरच्या जवानांनी शृंगारपटांच्या कॅसेटी बाजूला ठेवून 'गुमनाम' का लावला असेल, ते मला आता कळतं.

'सबोटाज' मी एकदाच पाहिला. हिचकॉक म्हणाला ती चूक होती. मला वाटतं, त्याच्या चित्रपटांतला तो सगळ्यात खरा प्रसंग आहे. आणि म्हणूनच दुसऱ्यांदा बघणार नाही.

शेवटी घरची गोष्ट. आता महूला आम्ही दोघं संध्याकाळी एकत्र सिनेमा बघतो. आमच्या सौभाग्यवतींची एक सवय आहे. रहस्यपट लावायच्या आधी त्या मोबाइलवर त्याचा शेवट वाचून घेतात. मी सुरुवातीला चिडायचो. "अगं, मग मजा काय राहिली?" एकदा त्या शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही तिकडे होतात तेव्हा सात वर्षं मी शेवट माहीत नसताना काढली. आता मला आधी कळलेलं बरं." मी पुन्हा तो विषय काढला नाही.

परवा आम्ही 'दृश्यम' पुन्हा लावला. प्रेत कुठे आहे ते त्यांना ठाऊक, मलाही ठाऊक. दोनदा बघून झालेला. पण पोलिसांनी धाकट्या मुलीला समोर बसवलं, तशी सोफ्यावर माझं मनगट त्यांनी घट्ट धरलं, आणि हलकेच म्हणाल्या, "नको गं बाई, बोलू नकोस."

जय हिंद.